कुलूपबंद आवाज

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. धान अर्धा शेतात, बांधीत उभा असला तरी चालतं, पण मंडई चुकत नाही. लेकी-जावई येतात, आकाशपाळणा येतो, भर दुपारी दंडारीचं नाटक उभं राहतं, आणि दंडार म्हटली की साउंड आलाच. मोहाडीजवळच्या या गावात तो साउंड कित्येक वर्षं घनश्यामच्या बिछायत केंद्राचा, म्हणजे मांडव-साउंड भाड्यानं देणाऱ्या त्याच्या दुकानाचा. यंदा मात्र मशीनजवळच्या खुर्चीवर त्याची लेक उर्वशी बसली होती, आणि हे गावाला पचायला जड जात होतं.

घनश्यामचं शास्त्र सोपं होतं. अ‍ॅम्प्लिफायरवरची लाल बत्ती पेटून राहिली पाहिजे. पेटली म्हणजे मशीन जोरात, विझली म्हणजे मशीन आळशी. साऱ्या गावाला हेच शास्त्र पाठ. लोक कान स्पीकरकडे देण्याऐवजी डोळे बत्तीकडे लावून बसत. खरं तर त्या बत्तीतून मशीन कळवळून सांगत असतं की बाबांनो, पुरे, आवाज फाटतोय. पण ऐकतो कोण? आमच्याकडे आवाज ऐकायचा नसतो, दाखवायचा असतो. मागच्या मंडईत बत्ती दिवसभर पेटली आणि दिवस कलायच्या आत दोन्ही मोठे स्पीकर जळका वास सोडून गप्प झाले. उन्हानं गेले, असं घनश्यामनं ठरवून टाकलं.

उर्वशीनं त्यानंतर हट्टानं नवं मशीन आणलं. त्यात लिमिटर होता. स्पीकरला झेपेल तेवढ्यावर तो आवाज अडवून धरायचा, मग कोणी कितीही बटण फिरवो. मशीन फार तापलं की ते आपणच दम खायचं, विजेचा दाब फारच पडला तर आपणच बंद व्हायचं. नुसता घुमणारा खालच्या पट्टीतला आवाज तिनं गाळून टाकला होता, म्हणजे नटांचे बोल मोकळे होतील. सगळं जुळवून झाल्यावर तिनं त्या सेटिंगला आकड्यांचं कुलूप घातलं. आकडा फक्त तिलाच ठाऊक होता.

दंडार रंगात आली आणि मंडई समितीचा भुपेंद्र तरातरा मशीनजवळ आला. पलीकडे पाळणावाल्याचा भोंगा कोकलत होता.

"काहून वो उर्वशी, लाल बत्ती काहून नाही पेटून राहिली?"

"पेटू नये म्हणूनच सेटिंग केली मी."

"पाळणावाला आपल्यावर चढून राहिला. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे. वाढव."

"वाढवलं तर बोल फाटतीन. लोकं दंडार आयकाले आले, गरगर आयकाले नाही."

भुपेंद्रनं स्वतःच बटण शेवटपर्यंत पिळलं. आवाज होता तिथंच राहिला. त्यानं पुन्हा पिळलं. मशीननं त्याला भीक घातली नाही. खुर्च्यांवरचे दोघं-तिघं हसले, आणि मग भुपेंद्रचं डोकं फिरलं.

"कुलूप खोल. नाही तं पुढच्या साली मंडईले दुसरा साउंड आणतो. मंग बसा घरी."

ही मंडई म्हणजे उर्वशीच्या बापाचं नाव होतं. हातची गेली तर पोरीनं घालवली असंच सगळे म्हणणार.

"आणा," ती म्हणाली. "पण आज मशीन माही आहे. नाही खोलत."

भुपेंद्र गेला आणि थेट घनश्यामलाच घेऊन आला. घनश्याम कानाजवळ हात धरून जरा वेळ उभा राहिला.

"खोल ना बाई कुलूप," तो म्हणाला. "मलेच इथं नीट आयकू नाही येऊन राहिलं, मंग मांगच्या लोकाइले काय येत असन?"

घरात टीव्ही मोठा व्हायचा, जेवायला बोलवायचं तर अंगणात जाऊन खांदा हलवावा लागायचा, पण त्याबद्दल कोणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. उर्वशीलाही काढायचं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच नाही.

"बाबा, आवाज कमी नाही," ती म्हणाली. "तुमचे कान गेले. त्या लाल बत्तीनंच खाल्ले."

घनश्यामच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मी मांगं जाऊन पायतो," एवढंच बोलून तो निघाला.

सगळ्यात मागं, तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, त्याची मोठी बहीण कुंताबाई बायांच्या घोळक्यात बसली होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. उर्वशी इकडून पाहत होती. दंडारीतला सोंगाड्या तेव्हा सासूची नक्कल करत होता, तीही दबक्या आवाजात. पाळीवरच्या साऱ्या बाया एकदम हसल्या. कुंताबाईनं गुडघ्यावर थाप मारली. घनश्याम हसला नाही. तो एकेकीच्या तोंडाकडे बघत होता. पुढच्या विनोदाला तो हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

आत्ताच्या आत्ता कुलूप काढावं, बत्ती पेटवावी आणि बापाला त्याचा आवाज परत द्यावा असं उर्वशीला वाटलं. हात मशीनपर्यंत गेलासुद्धा. तो तिनं मागं घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

घनश्याम परत आला. एक खुर्ची ओढून तो मशीन आणि भुपेंद्र यांच्या बरोबर मधे बसला.

"सांगा आता पोरीले, काका," भुपेंद्र म्हणाला. "कुलूप खोलाले लावा."

"मोठ्यानं बोल," घनश्याम म्हणाला. "मले आयकू येत नाही. आत्ताच पोरीनं सांगतलन ना साऱ्याइले."

"कुलूप खोलाले लावा म्हणतो!" भुपेंद्र ओरडला.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळून म्हणाला, "चूप बस ना बे. दंडार आयकू दे."

घनश्यामनं पायावर पाय टाकला.

"अजून नाही आयकू आलं," तो म्हणाला.