गाडीतला नियम

आमच्या पक्षाचं कार्यालय गेली तीस वर्षं मी सांभाळतोय. हल्ली ‘आमचा पक्ष’ म्हटलं की लोक विचारतात, कुठला, जुना की नवा? नवा म्हणजे आमच्यातूनच फुटलेला. जुन्या रीतीभाती जपायची भाषा तीच, फक्त आवाज मोठा. पण वारं तिकडे फिरलं आणि प्रांताच्या विधिमंडळात आमच्या डॉक्टरीणबाईंची एकच जागा उरली. ती गेली की कार्यालयाला कुलूप. मला दुसरं काही येत नाही हो!

मतदानाच्या दिवशी माझं काम ठरलेलं. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना घरून उचलायचं, केंद्रावर न्यायचं, परत सोडायचं. गाडीत मताचा विषय काढायचा नाही, हा माझा नियम. आपलीच माणसं, त्यांना काय विचारायचं! यंदा एकेचाळीस जणांना नेलं. कंबरेचे पार तीनतेरा वाजले.

आणि एकोणीस मतांनी पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याकडे गेलो. यादीत तिचं नाव कायम पहिलं. ती वाटाणे सोलत बसली होती.

“आत्या, हरलो गं आपण.”

“तू हरलास. मी नव्याला दिलं,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर गाडीत होत्या ना, त्या तिघींनीही. बाकीच्यांतल्या बहुतेकांचंही तेच, विचार हवं तर.”

माझं डोकंच फिरलं. “मग माझ्या गाडीत कशाला बसलीस?”

“तू न्यायला आलास म्हणून. दरवेळी येतोस की.”

म्हणजे डॉक्टरीणबाईंना मीच पाडलं, तेही स्वतःचं पेट्रोल जाळून.

“नव्यांचा तो वकील तीनदा घरी आला,” आत्या म्हणाली. “इथेच बसला आणि म्हणाला, आजी, मला मत द्या. तू तीस वर्षांत एकदा तरी मागितलंस?”

“तुझ्याकडे काय मागायचं? तू घरचीच!”

“हो ना. घरचीच.” तिने वाटाण्याचं ताट बाजूला सारलं. “बरं, आता माग.”

पुढची निवडणूक पाच वर्षांनी. आत्या आत्ताच सत्त्याऐंशीची. मी तोंड उघडलं, आणि नुसतं रडू आलं.