नागपूरचा पत्ता

जयाची मीटिंग असली की पिपरटोल्यातल्या त्या घरात सगळ्यांची बोलती बंद व्हायची. तिचे वडील लटारू बकऱ्यांना हाका मारणं सोडून त्यांच्यामागे नुसते हातवारे करत फिरायचे. आई इंदिराबाई फोडणी थांबवून चुलीपुढे गप बसून राहायच्या. कोंबडा टोपलीखाली जायचा. शेजारची एखादी बाई हाक मारत आलीच तर लटारू तोंडावर बोट ठेवून दारात आडवे व्हायचे आणि ती बिचारी आल्या पावली परत फिरायची. नव्या माणसाला वाटावं, घरात कुणी आजारी आहे. पण आजारी कुणी नव्हतं, घरातली पोरगी कामावर होती, इतकंच.

पिपरटोला चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून बारा किलोमीटरवर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे. जया चंद्रपूरला शिकली, नागपूरच्या एका कंपनीत दोन वर्षं राहिली. कंपनी बंद पडल्यावर गावी परतली आणि घरूनच लोकांच्या वेबसाइट बनवू लागली. डोक्यावर साहेब नाही, हजेरी नाही, आणि हक्काची सुट्टीही नाही. हे गावाला समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड होती. “कंपनी कोनती?” लोक विचारत. कंपनी नाही म्हटलं की, “मंग नोकरी सुटली म्हना.” शेवटी लटारूंनीच एक उत्तर ठरवून टाकलं होतं. ते सांगत, “माही पोरगी लोकायची दुकानं बांधून देते. इटा लागत नाई, सिमेट लागत नाई.”

असं काम करणाऱ्या माणसाची सगळी भिस्त विश्वासावर असते. काम देणारा ना तुमचं घर पाहतो ना तुमचा चेहरा नीट पाहतो. त्याला संगणकावर दिसतं तुमचं नाव, एक फोटो, आधीच्या लोकांनी दिलेले शेरे आणि गावाचं नाव. जयाच्या पानावर यातल्या तीन गोष्टी खऱ्या होत्या. गावाच्या जागी मात्र तिने नागपूर लिहिलं होतं.

त्याला कारण घडलं होतं. अगदी सुरुवातीला ठाण्याच्या एका गृहस्थांना तिचं काम फार आवडलं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? तिने भाबडेपणाने खरं सांगितलं. समोरचा आवाज एकदम थंडावला. “तिकडे नेट वगैरे असतं का?” असतं म्हणून तिने सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी ते काम भलत्यालाच गेलं. त्याच दुपारी जयाने पत्ता बदलला.

मग तो पत्ता सांभाळण्याचे उद्योग सुरू झाले. मागची मातीची भिंत दिसू नये म्हणून खुर्चीमागे एक करडी चादर टांगली गेली. नागपूरला आज ऊन किती, हे ती मीटिंगआधी फोनवर बघून ठेवायची, न जाणो कुणी विचारलंच तर! एकदा तर तिने घरी बसल्या बसल्या, “ट्रॅफिकमध्ये अडकले होते,” अशी थाप मारली आणि नंतर तिचं तिलाच हसू आलं आणि लाजही वाटली.

यंदा जानेवारीत तिला आजवरचं सगळ्यांत मोठं काम मिळालं होतं. पुण्याचे सुरेंद्र नावाचे उद्योजक मोहफुलांचे लाडू आणि सरबत विकणार होते, त्यांची वेबसाइट. मार्चच्या शेवटच्या सोमवारी ती सुरू व्हायची होती. सुरेंद्र समाधानी झाले तर त्यांच्या ओळखीने आणखी चार कामं येणार होती. नाराज झाले आणि त्यांनी एक वाईट शेरा लिहिला, तर नवा कुणीही तो आधी वाचणार होता.

गुरुवारी दुपारी त्यांनी पहिल्या पानावरचा मजकूर पाठवला. इंदिराबाई अंगणात मोह वाळत घालत होत्या. त्या गोड, आंबूस वासात बसून जया मजकूर मोठ्याने वाचू लागली. “आमच्या वनकन्या भल्या पहाटे झाडावर चढून एकेक फूल हळुवार खुडतात. मातीचा स्पर्शही न झालेली ही फुले...”

इंदिराबाईंना असं हसू फुटलं की त्या मोहावरच बसल्या. “झाडावर चढून? आमी का वांदर हावो? मोह कोनी खुडते का वो? पिकला का तो आपल्या मनानं गळते. आन खुडला तं मागून टोरीच्या बिया कुठून लागन, तेल कशाचं काढन?”

“पुन्याचे हायेत वो आई. त्यायले काय माहीत.”

“मंग सांग ना त्याले.”

जयाने लॅपटॉप अर्धवट मिटला. मग हळूच म्हणाली, “सांगतलं तं विचारन, तुमाले कसं माहीत. त्यायले वाटते मी नागपूरले राह्यतो.”

“काऊन वाटते?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जयाने ठाण्याच्या गृहस्थांपासून चादरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता इंदिराबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पदराने हात पुसले.

“मले वाटे, आवाजानं तुह्या कामात हरकत होते. म्हनून आमी चिप बसून राहो. तुहे बाबा बकऱ्यायले आवाज नाई देत. तू तं आमालेच लपवून राह्यली होती, जया.”

जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं नव्हतंच, असं ती म्हणणार होती, पण असंच होतं.

इंदिराबाई रागावल्या नाहीत. राग परवडला असता. त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. “हे पाह्य. तुले भेव हाय का गाव सांगतलं तं काम जाईन. जाईन बी. पन तू असं लेहून देशीन, तं उद्या मूलचा व्यापारी म्हनन, खाली पडलेला मोह हलका हाय, मले खुडलेला पाह्यजे. मंग माहा मोह घेईन कोन? शेजारच्या लिंबीच्या मायचा घेईन कोन? तुले खरं माहीत असून तू चिप राह्यली, तं त्या पुन्यावाल्याची चूक नाई, तुही हाय. त्याले तं बिचाऱ्याले मालूमच नाई.”

“आन शेरा वाईट लेहला तं?”

“लेहू दे. तुही विद्या का पुसून जाते त्यानं?”

जया त्या दिवशी नीट जेवली नाही. शुक्रवारी अकराच्या मीटिंगआधी ती बराच वेळ खुर्चीशी उभी राहिली आणि मग तिने ती चादर ओढून काढली.

“सर, तुमच्या मजकुरात एक चूक आहे,” ती म्हणाली. “मोह खुडत नाहीत, तो गळतो आणि मग वेचतात. हे मला माहीत आहे, कारण मी नागपूरला राहत नाही. मी मूल तालुक्यातल्या एका गावात राहते. माझी आई मोह वेचते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं.”

सुरेंद्र तिच्यामागच्या भिंतीकडे पाहत राहिले. “दोन महिने?”

“हो सर.”

“मला विचार करावा लागेल,” ते म्हणाले आणि त्यांनी कॉल बंद केला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. जया दर थोड्या वेळाने आपलं पान उघडायची, नवा शेरा आला का बघायची आणि बंद करायची. लटारू तिच्यापुढे चहा ठेवून जात होते आणि गार झालेला कप उचलून नेत होते. विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

रविवारी सकाळी चांगलं उजाडल्यावर बाया मोह वेचायला निघाल्या. वाघाच्या भीतीने हल्ली कुणी एकटं जात नाही. जयाही बरोबर गेली, घरात बसून करणार काय? झाडाखाली पोचतात तोच फोन वाजला. सुरेंद्रच होते.

“जया, ते झाड मला दाखवता येईल?”

तिने कॅमेरा सुरू केला. झाडाखालचा पाला बाजूला झाडून इंदिराबाईंनी आदल्या संध्याकाळीच चार जुनी लुगडी अंथरून ठेवली होती. लाल, हिरवी, विटलेली जांभळी. त्यांवर रात्रभर गळलेल्या पिवळसर मोहाचा सडा होता. वरून अजून एकेक फूल टपकत होतं.

इंदिराबाईंनी लेकीच्या हातातून फोन घेतला. “भाऊ, रामराम. मी जयाची आई. तुमी लेहलं का आमी झाडावर चढतो. मी साठ वर्साची हावो, मले कोन चढवन?”

सुरेंद्र हसले. “चुकलंच माझं, मावशी. मग फुलांना माती लागत नाही?”

“कशी लागन? लुगडे हातरले हाये ना. जागा साफ कराले लोक पाला जाळतेत, जंगल पेटते. आमी जाळत नाई. हे लेहा ना तुमी. हे खरं हाय.”

“हेच लिहू,” सुरेंद्र म्हणाले. मग त्यांनी जयाला बोलावलं. “मी तुमच्यावर रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. पण दोन दिवस एक प्रश्न डोक्यातून जाईना. पहिल्या दिवशी तुम्ही खरं गाव सांगितलं असतं, तर मी काम दिलं असतं का? खरं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. वेबसाइट तुम्हीच पुरी करा. सोमवार जमेल ना?”

“जमेल सर,” जया म्हणाली. फोन ठेवल्यावर ती लुगड्याच्या काठावर मटकन बसली. इंदिराबाई तिला म्हणाल्या, “बसली काऊन? वेच.” मग ती वेचू लागली. रडत होती, हसतही होती, आणि बाकीच्या बाया तिची थट्टा करत होत्या.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. पहिल्या पानावर त्या लुगड्यांचा फोटो होता आणि खाली वेचणाऱ्या बायांची नावं, त्यांना विचारून टाकलेली. त्याच दिवशी जयाने आपल्या पानावर लिहिलं: पिपरटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर. जुन्या ग्राहकांनाही तिने कळवलं. बहुतेकांनी बरं म्हटलं. एकाने उत्तर देणंच बंद केलं. तिने आठवडाभर वाट पाहिली, मग सोडून दिली. खोटं लक्षात ठेवण्याचं काम संपलं होतं आणि त्या सुटकेपुढे तो एक ग्राहक तिला फार मोठा वाटला नाही.

मंडळी, जयाने खोटं बोलायला नको होतं, हे खरंच. ज्या माणसांच्या कष्टावर आपण मोठे झालो त्यांना पडद्यामागे ठेवून मिळवलेलं काम मनाला टोचत राहतं, हे ती शिकली. पण ती चादर तिने एकटीने टांगली नव्हती. गावाचं नाव ऐकून आवाज थंड करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिचं दुसरं टोक धरलं होतं. तेव्हा यापुढे कुणाला काम देताना, तुम्ही कुठले, असं खुशाल विचारा. उत्तर ऐकून आपला आवाज मात्र बदलू देऊ नका.