तिन्हीसांजेच्या आधी

"मान जरा इकडे कर," सुलोचना म्हणाली.

तिच्या आईनं, आनंदीबाईंनी, खिडकीकडे तोंड फिरवलं. मानेवर हिसकावलेल्या सोनसाखळीचा लाल वळ उमटला होता, एका बाजूला कातडी सोलवटली होती. सुट्टीवर इंदूरला आलेली सुलोचना मस्कतच्या हॉस्पिटलात याहून मोठ्या जखमा रोज बांधायची. पण इथे ती कापूस टेकवून परत परत उचलत होती. ती साखळी तिनंच आणली होती, नर्सच्या नोकरीतल्या पहिल्या सुट्टीत.

"पुलिसवाल्यांना काय सांगितलंस?"

"हेच की मोटरसायकलवर होता, तोंडाला रुमाल होता. आणखी काय सांगणार?"

मस्कतमधली इंदूरची मराठी कुटुंबं शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमत. पूर्वी सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या, किसावरून बोलणं निघालं की संपत नसे. इंदूरच्या कापडमिलचे भोंगे बंद झाले तसं ते बदललं. कुणाचा भाऊ फोनवर सांगे, भरदुपारी चाकू चालले. कुणाच्या सासऱ्यांचा प्लॉट गुंडांनी दाबलेला. "इंदूर आता आपलं राहिलं नाही," असं म्हणत सगळे जेवायला बसत. सुलोचना तेवढी वाद घाली. हा करार संपला की मी घरी जाणार, असं तिनं मेट्रनला सांगूनही टाकलं होतं. ड्यूटीवरून परतताना बसच्या खिडकीतून उघडे काळे डोंगर दिसत, आणि ती मनातल्या मनात इंदूरच्या बडा गणपती मंदिराजवळच्या आपल्या दोन खोल्यांत शिरून आईसाठी कोपऱ्यावरचे पोहे आणायला निघालेली असे.

"चल, पाय मोकळे करून येऊ," औषधाची बाटली बंद करत ती म्हणाली.

"नको गं."

"मी आहे ना बरोबर. आणि तो काय रोज येणार आहे?"

आनंदीबाईंनी मानेवरच्या कापसावरून बोट फिरवलं. "मी साखळी घट्ट धरून ठेवली होती. तर तो म्हणाला, सोडा ना काकू, लागेल तुम्हाला."

"मराठीत?"

"मराठीत. आवाज ओळखला मी. तुझे बाबा गेले तेव्हा त्याच्या आईनं तेरा दिवस आपल्या घरी पोळ्या केल्या."

सुलोचनानं हातातली बाटली खाली ठेवली. "शेजारच्या यमुनाकाकूंचा रजत?"

आईनं पदरानं मान झाकली.

रजतचे वडील संताजी आणि सुलोचनाचे बाबा एकाच मिलमध्ये, एकाच पाळीला. मिल बंद पडल्यावर संताजी दिवसभर ओट्यावर बसून असत. रजतला सुलोचनानं शेजारी बसवून मुळाक्षरं गिरवून घेतली होती.

"हे सांगायला हवं, आई. उद्या आणखी कुणाची मान कापली जाईल."

"कळतं मला. सांग तू. मग तू जाशील निघून, आणि मी रोज त्या बाईच्या दारावरून येईन-जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी यमुनाकाकू डब्यात गरम शिरा घेऊन आल्या. बोलताना त्यांनी आनंदीबाईंच्या मानेकडे एकदाही पाहिलं नाही. चहाचा कप त्यांनी नुसता हातात धरून ठेवला.

"सुलू, तुझ्या मस्कतला आमच्या रजतला काही लागेल का? काहीही चालेल, झाडूपोछा पण. इथे मुलं खराब संगतीत पडतात गं. ह्यांना तर आता बोलायची ताकदच राहिली नाही."

आनंदीबाई आत निघून गेल्या.

"उद्या सकाळी त्याला पाठवा," सुलोचना म्हणाली. "एकट्याला."

तो आला तेव्हा उंबऱ्याबाहेरच थांबला. मिसरूड फुटलेलं, खांदे बापासारखे रुंद. आनंदीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना पाहिलं आणि तो भिंतीकडे बघू लागला.

"आत ये."

"इथेच ठीक आहे, ताई." आणि मग, तिनं काही विचारण्याआधीच, "विकून टाकली. परत नाही आणू शकत."

सुलोचनानं आत आईकडे बोट दाखवलं.

"काकूंना सांग," ती एवढंच म्हणाली.

रजत आत आला आणि आनंदीबाईंपुढे जमिनीवर बसला. तो फरशीवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचू लागला. त्या तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आईला नको सांगू. ती मरून जाईल." त्यानं मान हलवली. यमुनाकाकूंना ते आधीच माहीत आहे, हे त्या खोलीत कुणीच बोललं नाही.

"पासपोर्ट काढ," सुलोचना म्हणाली. "मी तिकडे विचारते."

त्या दिवशी चहा झाल्यावर आनंदीबाईंनी दाराला कडी लावली. बाहेर अजून ऊन होतं.

"त्याला लावून दे कुठेतरी," त्या म्हणाल्या. "आणि तू पण तिकडेच राहा. माझं काय, मी बघून घेईन."

आजवर प्रत्येक फोनच्या शेवटी 'कधी येतेस' असं विचारणारी आई हे म्हणत होती. मस्कतला सगळ्यांशी वाद घालणारी सुलोचना बंद दाराला टेकून खाली बसली. बाहेर कुणीतरी सायकल उभी करून भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. दोन बायका हसत हसत मराठीत काहीतरी बोलत दारावरून गेल्या. त्यांचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ती ऐकत राहिली.