चोरीचा आयरिस

सगळं खापर मी माझ्या नवऱ्याच्या, व्हेनियामिनच्या सभ्यपणावर फोडते. कुंपणापलीकडच्या रिम्माने सैबेरियन आयरिसचा गड्डा दिला, तेव्हा हा माणूस टोपी काढून म्हणाला, "आभारी आहे." रोप घेताना आभार मानले की ते रुसतं, हे आमच्या तोम्स्ककडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. झालं! न्हाणीघर आणि रानचेरीच्या मधल्या अर्ध्या सावलीत मी तो हौसेने वीतभर खोल पुरला, आणि तीन उन्हाळे नुसती पाती. शेवटी ऑगस्टात व्हेनियामिन स्मोरोदिनाची, त्या काळ्या आंबट फळांची, तीन झुडपं घेऊन आला. येत्या जूनला फूल दिसलं नाही तर आयरिस उपटून तिथे ती लावणार, निदान मुरांबा तरी होईल, म्हणे. झुडपं त्याने फाटकाजवळ तात्पुरती पुरून ठेवली. मी रडायचीच काय ती बाकी होते.

तोडगा रिम्माने काढला. तिने रोप परत घ्यायचं आणि मी ते चोरायचं. चोरीचं रोप हमखास लागतं. मी गड्डा परत दिला, तिने तो पलीकडे जेमतेम मातीआड ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी, वय वर्षं एकोणसत्तर, कुंपणावर चढले. रिम्मा माझ्याकडे पाठ फिरवून काकड्यांना मोठमोठ्याने गाणी ऐकवत होती.

"मला काही दिसत नाहीये," ती मध्येच म्हणाली, "पण डावीकडे खिळा आहे गं तोस्या, पाय उचल."

परतताना मला हसू आवरेना. तोल गेला, मी रानचेरीची फांदी धरली आणि फांदीसकट आमच्या बागेत येऊन पडले. अर्धा झगा खिळ्यालाच राहिला, गड्डा मात्र छातीशी घट्ट. या खेपेला तो त्याच जागी, पण रिम्मासारखा दोनच बोटं खोल लावला. व्हेनियामिन मोडक्या फांदीवरून आठवडाभर कुरकुरत होता. तिथे आता दुपारपर्यंत ऊन यायचं.

अकरा जूनला सात फुलं! निळीजांभळी! मी कोबी भरलेला गरम पाव हातात घेऊन तशीच धावले. व्हेनियामिन आधीच तिथे उभा होता, डोळे भरलेले. कुंपणापलीकडे रिम्मा. त्याने टोपी काढली, तोंड उघडलं, आणि मी तो पाव त्यात कोंबला.

"काय म्हणत होता?" रिम्माने विचारलं.

"काही नाही. बरी आलीत म्हणतो."

रिम्माने एप्रनला नाक पुसलं. व्हेनियामिनने घास सावकाश गिळला आणि भलतीकडेच बघत बोलला, "रिम्मा आर्काद्येव्ना, स्मोरोदिनाची झुडपं फाटकाजवळ आहेत. उद्या दहा वाजता मी न्हाणीघरात असेन, मला काही दिसणार नाही. कुंपणाचा खिळा आजच काढतो."