पुंजाजीची पैज

पुंजाजीचं तोंड उघडत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कबूल करत नव्हता तो एकटा पुंजाजी. चाळीस वर्षं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला माणूस. आता भाकरीचा तुकडा आत जाईना, सदरा अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबायचा. गल्लीतल्या डॉक्टरने एकदाच बॅटरी मारून पाहिलं आणि पुंजाजीच्या बायकोला, पौर्णिमाला, बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ आहे. आता दिवस घालवू नका."

कापसाच्या जिनिंगमध्ये बरोबर काम केलेल्या दोस्ताने, उद्धवने, अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरची वेळ तीनदा घेतली. तीनदाही पुंजाजी ऐन सकाळी घरातून गायब. चौथी वेळ उद्याची होती. उद्धवने पाय धरायचे तेवढे बाकी राहिले, तेव्हा पुंजाजीनेच पैज मांडली.

"मले काई झालं नाई. तू म्हणशील तिथं जेवून दाखवतो. भांडं रिकामं केलं तं दवाखान्याचं नाव नाई काढायचं. उरलं तं उद्या येतो."

उद्धवने ठिकाण निवडलं ते कॅम्पातलं नवं जपानी शेवयांचं हॉटेल. त्याची सून गीतांजली सांगत होती, तिथे रांगा लागतात, काड्यांनी खावं लागतं, वाडगा घमेल्याएवढा असतो. उद्धवला वाटलं, इथे काही याचा निभाव लागत नाही.

जिनिंगमधला तिसरा सोबती चंद्रभान बरोबर होता. कॉलेजची पोरं या तीन म्हाताऱ्यांकडे टकामका पाहत होती.

वाडगे आले. चंद्रभान म्हणाला, "अबे, येवढ्या भांड्यात तं आमी म्हशीले सरकीची ढेप भिजवतो!"

पुंजाजीने काड्या बाजूला सारल्या. चमच्याने शेवया ओठाशी नेल्या आणि भुरका मारला. ओठांच्या फटीतून सगळ्या सुळकन आत गेल्या. चावायचं काम नाही, तोंड उघडायचं काम नाही. दुसरा भुरका. तिसरा. शेजारच्या टेबलावरच्या पोरीने टाळी वाजवली.

"पाहून राहिला ना, उद्धव?" पुंजाजी हसला.

उद्धवने आपला चमचा खाली ठेवला. कुठून सुचलं हे ठिकाण! भाकरी-ठेच्यापुढे बसवला असता तर पहिल्याच घासाला हरला असता. वाडगा अर्ध्यावर आला. दोन महिन्यांनी दोस्ताच्या पोटात नीट अन्न जात होतं, आणि उद्धव मनात देवाला म्हणत होता, अडकू दे, याच्या घशात अडकू दे.

देवाने ऐकलं नाही. टेबलावर लाल तिखट तेलाची बरणी होती. उद्धवने ती उचलली.

"तर्रीबिगर काय मजा? घे." त्याने दोन चमचे पुंजाजीच्या वाडग्यात ओतले.

वऱ्हाडात कुणी तर्री वाढली तर नको म्हणत नाहीत. नको म्हटलं की तो माणूस आजारी, असं सारे समजतात. पुंजाजीने उद्धवकडे एकदा पाहिलं आणि चमचा तोंडाला लावला.

त्याचा चेहरा काळानिळा पडला. डोळ्यांतून धारा लागल्या. टेबलाची कड त्याने अशी धरली की वाडगे हलले.

"ठेव, लेका," चंद्रभान घाबरून म्हणाला. "उद्धव, काहून टाकलं बे तू? वैरी हायेस का?"

"ठेव खाली, पुंजा," उद्धव म्हणाला. "हरलो म्हण. हात जोडतो."

पुंजाजीने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि रस्सा थेंबन् थेंब प्याला. रिकामा वाडगा उद्धवपुढे पालथा घातला. टाळीवाली पोर आता दुसरीकडे पाहत होती. रुमालाने त्याने तोंड पुसलं. रुमालावर लाल उमटलं, आणि ते सगळं तेलाचं नव्हतं.

"जिंकलो," तो कसाबसा बोलला. "सकायी माह्या दारात यायचं नाई."

"येतो," उद्धव म्हणाला.

"शब्द देला होता तू."

"देला होता. मोडला. चारचौघात खोटा म्हण मले, थुंक माह्यावर. पाच वाजता ऑटो घेऊन येतो. लपला तं उंबऱ्यावर बसून राहीन, उद्या, परवा, रोज."

पुंजाजीने रुमालाची घडी घातली, लाल बाजू आत गेली.

"तिखट मुद्दाम टाकलं ना?"

"हो."

"लय जळून राहिलं रे, उद्धव." पहिल्यांदाच तो असं बोलला. "दोन महिने झाले, पानीबी जळते."

उद्धवने बरणी टेबलाच्या पार टोकाला सरकवली.

"पाचले नको येऊ," पुंजाजी म्हणाला. "पाचले नळ येते, पौर्णिमा एकटी पडते. सहाले ये."