डाव्या खिशातली माळ

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे, पण जपाची नव्हे. देवाचे नाव माझ्यावर कोणी घेतलेच असेल, तर ते शिवीच्या सोबतीने. ग्रीसमधले पुरुष मला बोटांत फिरवतात, मण्यावर मणी आपटतात आणि त्या अस्वस्थतेलाच विश्रांती म्हणतात. मेत्सोवोच्या डोंगरात एका धनगराने मेंढ्याच्या शिंगातून माझे मणी घडवले, रेशमी दोऱ्यात ओवले आणि लष्करी शाळेत निघालेल्या आपल्या मुलाच्या हाती दिले. मुलाचे नाव अर्गिरिस त्सुमानिस. "हात रिकामा राहिला की माणूस मूर्खपणा करतो," बाप म्हणाला.

लष्कराचे मत निराळे होते. गणवेशातल्या अधिकाऱ्याने चारचौघांत माळ चाळवणे त्यांना अशोभनीय वाटे. जणू राष्ट्राच्या रक्षणासाठी निवांत बोटांचीच तेवढी गरज असते. म्हणून मी डाव्या खिशात दडले. मोटारीचे दार लागले की मात्र अर्गिरिस मला बाहेर काढी आणि मी पुढच्या चौकीपर्यंत थांबत नसे. तो लेफ्टनंट होता, कर्नल झाला, लारिसा शहरातल्या लष्करी तळावर जनरल झाला. खांद्यावरच्या ताऱ्यांना रोज चकाकी मिळाली. माझ्या दोऱ्याकडे मात्र त्याच्या बायकोखेरीज कोणी पाहिले नाही.

"अर्गिरी, दोरा जुना झालाय. दे इकडे, नव्याने ओवते," एव्हान्थिया म्हणे.

"नंतर."

"तुझं नंतर म्हणजे पेन्शनीत."

आमच्याकडे सेनाप्रमुख निवडण्याची रीत विद्वानांनी अभ्यासावी अशी आहे. सरकार एकाला निवडते, आणि त्याच्याहून ज्येष्ठ असलेले सगळे जनरल घरी जातात. ज्येष्ठाने कनिष्ठाचे हुकूम कसे पाळावेत? जन्मभराची विद्या एका दुपारी अंगरख्यासारखी उतरवून घेतात आणि मोबदल्यात नावामागे 'मानद' असे विशेषण लावून देतात. त्या वसंतात निवड व्हायची होती आणि पाळी अर्गिरिसची होती. भोजनगृहातला आचारीसुद्धा त्याला आधीच दुप्पट मटण वाढू लागला होता.

त्याच सुमारास नदी ओलांडण्याचा सराव पाहायला मंत्री आले. वितळलेल्या बर्फाने नदी फुगली होती. काठावरच्या तराफ्यात जवान दाटीने बसले होते आणि तारेच्या दोराने तो तराफा पलीकडे ओढायचा होता. अर्गिरिसने हातमोजा काढला आणि दोरावरून तळवा फिरवला. एक सुटी तार बोटात घुसली. ते बोट त्याने खिशात लपवले. माझ्या एका मण्यावर तो डाग अजून आहे.

"जनरलसाहेब, मंत्री बसलेत," त्याचा सहायक कर्नल कोर्दोनिस म्हणाला. "झेंडा दाखवू?"

"दोर कधीचा आहे?"

"जुना आहे, पण टिकलाय. नवा पुढच्या महिन्यात येतोय."

"मग नदीलाही पुढच्या महिन्यात बोलवा."

कोर्दोनिसने आवाज खाली आणला. "साहेब, यंदा तुम्ही प्रमुख होणार, अख्ख्या लारिसाला ठाऊक आहे. अर्ध्या तासाचं तर काम. आजच कशाला?"

खिशात माझे मणी एकमेकांवर दाबले गेले. मग हात बाहेर गेला.

"पोरांना उतरवा."

पोरे कुरकुरत उतरली. "म्हाताऱ्याची कंबर धरली असणार," एक जण पुटपुटला. मंत्री कॅमेऱ्यांकडे पाहून हसले. "काय जनरल, तुमचं सैन्य नदीला घाबरतं वाटतं?"

"सैन्य नाही घाबरत, साहेब. मी घाबरतो."

दुसऱ्या दिवशी तो दोर भंगारात गेला. तो तुटला असता की नसता, हे कधीच सिद्ध झाले नाही. जे घडले नाही, त्याचा पुतळा कोणी उभारत नाही. वसंतात निवड झाली ती अर्गिरिसहून कनिष्ठ अशा एका जनरलची, ज्याने आयुष्यात एकाही मंत्र्याला खोळंबवले नव्हते. अर्गिरिस मानद झाला.

तो व्होलोसला, बायकोच्या गावी राहू लागला. आता मला लपण्याचे कारण उरले नव्हते. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात मी सकाळपासून खटखटत असे, पण ती विश्रांती नव्हती, उलटतपासणी होती.

"लाम्ब्रो, तो दोर तुटला असता का रे?"

लाम्ब्रोस हा लष्करातून निवृत्त झालेला पशुवैद्य. "पुन्हा तेच. मी खेचरांचा डॉक्टर, जनरल. खेचराला विचारलं असतंस, तर एव्हाना त्यानं तुला लाथ घातली असती. कॉफी पी."

असे दोन हिवाळे गेले. अर्गिरिसला हल्ली झोप लागत नाही, असे एव्हान्थिया शेजारणीला सांगे. कुणाचाही जीव न जाऊ देणाऱ्या माणसाला आपण उगाच भ्यायलो की काय या शंकेने पोखरावे, आणि न भिणाऱ्यांना गाढ झोप लागावी, हा न्याय मला शिंगाच्या मण्यांची असूनही कधी पचला नाही.

एका सकाळी दूधवाला हाक मारून गेला, कॉफी आली, मी नेहमीसारखी फिरत होते आणि तुटले. मणी खुर्च्यांखाली पसरले. ज्याला सैन्याने सलामी दिली होती, तो माणूस गुडघ्यांवर रांगू लागला.

"सोड रे," लाम्ब्रोस म्हणाला. "अशा माळा ढिगाने मिळतात."

अर्गिरिसने दोरा उजेडात धरला. आतला पीळ कधीच झिजून गेला होता. वरचे चार धागे तेवढे एकमेकांना धरून होते.

"लाम्ब्रो," तो हळूच म्हणाला, "हा कालपण टिकला होता. आज सकाळीसुद्धा टिकला होता."

लाम्ब्रोसने दोरा पाहिला, मग अर्गिरिसकडे पाहिले. यावेळी त्याने थट्टा केली नाही. तोही खाली वाकला आणि मणी शोधू लागला.

त्या दुपारी एव्हान्थियाने मला मेण लावलेल्या दोऱ्यात ओवले. एक मणी सापडलाच नाही. अर्गिरिस शेजारी बसून होता, दोन्ही हात मांडीवर, स्वस्थ. जन्मात प्रथमच मला त्या हातांची काळजी वाटली नाही.

मित्रांनो, मणी सगळेच पुसतात. ज्याने मणी धरून ठेवलेत त्याच्याकडे पाहा, आणि तो तुटण्याआधी पाहा. आणि कधी कोणी तुम्हाला काठावरच तराफ्यातून उतरवले, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. घरी पोहोचलेले तुम्ही, हाच तो पुरावा आहे.