कडेची अक्षरं

दसरा झाला की माझ्या दुकानात फुटलेले पडदे येऊ लागतात. लोक लॅपटॉप पूजेत मांडतात, कीबोर्डवर अक्षता, सुपारी आणि आपट्याचं सोनं ठेवतात, हात जोडतात आणि झाकण बंद करतात. सुपारी आतच राहते. मग पडद्याचा चुरा घेऊन हिंगणघाटला माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, 'ताई, काईच नाई केलं जी, नुसती पूजा केली.' मी तोंडाची फटकळ आहे. कोणालाच सोडत नाही.

आनंदाबाईंनाही मी सोडलं नव्हतं. गिरडच्या अलीकडच्या खेड्यातून त्या बसने आल्या होत्या, लॅपटॉप पोटाशी धरून. त्यांची मुलगी अंकिता नर्सिंगला होती. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि पोरीचं सगळं अंग गेलं. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. राहिले ते डोळे. सावंगीच्या दवाखान्यातल्या एका मॅडमनी तिला हा लॅपटॉप मिळवून दिला होता. पडद्याखाली कॅमेऱ्याची पट्टी होती. पडद्यावर अक्षरांची घरं, आणि नजर ज्या घरावर क्षणभर थांबेल ते अक्षर उमटायचं. पोरगी डोळ्यांनी बोलायची. त्या लॅपटॉपची आईने पूजा केली यात नवल नव्हतं, पण मी म्हटलंच, "मावशी, देवाले सुपारी पाटावर द्यायची असते, मशीनच्या तोंडात नाई."

नागपूरहून पडदा मागवला. जुनाच, पण साफ करून विकतात तसला. माप तेच, मागची जोडणी तीच. चित्र असं लखलखीत आलं की मी स्वतःवरच खूश झाले.

बारा दिवसांनी अंकिताचे वडील नत्थूजी आले. भर दुपार होती. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि टॉवेल सोडून खांद्यावर टाकला.

"हे वापस घ्या, दिपालीताई. दुसऱ्या कोणाच्या कामी येईन."

"काऊन? बंद पडला का?"

"मशीन चांगली हाय. पोरीचं डोकं गेलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ते खाली बघून बोलत राहिले. पहिले काही दिवस अक्षरं चुकायची, पण लहान शब्द अंदाजाने कळायचे. नवा पडदा, होईल सवय, असं सगळे म्हणाले. तीन दिवसांपासून मात्र ती भलतंसलतंच लिहू लागली. डोळे फाडून कोपऱ्यात बघत राहायची, डोळ्यांतून पाणी गळायचं. सावंगीच्या मॅडम दिवाळीसाठी गावी गेलेल्या. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की पुन्हा झटका आला असेल, मेंदूवर परिणाम झाला असेल.

"तिले विचारलं नाई का, काय होते म्हणून?"

"सारं विचारलं. एक डाव पापणी मिटली तं हो, दोन डाव मिटली तं नाई. पोट दुखते का? नाई. ताप वाटते का? नाई. भेव वाटते का? तं हो. कायचं भेव ते कसं समजंन? तिची माय म्हणते बाहेरचं लागलं." त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं. "मशीनसमोर बसवलं का जास्तच तळमळते. पाहवत नाई, ताई."

मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिचं लिखाण तसंच होतं:

अईकरिझोपूनोपसणसप

खाली पुन्हा तेच, त्याच्याखाली पुन्हा तेच. मी मोजलं, अकरा वेळा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

डोकं फिरलेला माणूस अकरा वेळा एकच चूक कशी करेल? चूक पोरीची नव्हती, आणि पोरीची नव्हती तर ती या पडद्याची होती. पडदा मी बसवला होता. एक क्षण वाटलं, ठेवून घ्यावा लॅपटॉप गुपचूप, कोणाला कळणार आहे! तो क्षण आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

मी खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसले. अक्षरांच्या पाच ओळी, एकेका ओळीत बारा घरं. मी मधल्या 'न'वर नजर ठेवली, 'न' उमटला. 'प' पाहिला, 'प' आला. मग डावीकडचा 'त' पाहिला. उमटला 'ण', कडेला लागून असलेला. अगदी कडेचा 'क' पाहिला. काहीच आलं नाही. उजवीकडे तसंच. मधलं सगळं बरोबर, आणि कडेकडे जावं तशी नजर एक घर बाहेर पडत होती. पुसायचं घर उजव्या कोपऱ्यात होतं. मी त्याकडे टक लावून बघत राहिले, ते हललंही नाही.

म्हणजे चुकलेलं पोरीला समोर दिसत होतं, आणि पुसता येत नव्हतं.

प्रत्येक पडद्याच्या पाठीत एक बारीक चिप असते. तिच्यात एकशे अठ्ठावीस आकडे. पडदा कोणाचा, ठिपके किती, रुंदी किती, उंची किती, ही त्याची जन्मपत्रिका. लॅपटॉप सुरू झाला की आतलं ग्राफिक्स आधी ती वाचतं आणि मगच चित्र काढतं. चित्र लखलखीत आलं म्हणून मी ती उघडून पाहिली नव्हती. पेन ड्राइव्ह लावून ते आकडे आता बाहेर काढले. यंत्राच्या भाषेत असतात ते, जोडीजोडीने. रुंदीच्या जागी हवं होतं 22, म्हणजे आपले चौतीस सेंटिमीटर. तिथे होतं 1D, म्हणजे एकोणतीस. उंची एकोणीस हवी, होती सतरा.

कोणीतरी मोठ्या पडद्यात लहान पडद्याची पत्रिका भरली होती. डोळ्याला त्याने काही फरक पडत नाही. पण हा कॅमेरा नजरेचं माप पडद्याच्या रुंदीवरूनच काढत होता. पडदा लहान आहे असं समजून तो प्रत्येक नजर ताणून बाहेर फेकत होता.

"काकाजी, पोरगी शुद्धीवर हाय," मी म्हटलं. "ती काहीतरी सांगून राह्यली. थांबा."

मी कागद घेतला. कडेची अक्षरं एक घर आत ढकलायची, आणि जे उमटलंच नाही ते अगदी कडेचं समजायचं. 'अ'च्या आतलं घर 'आ'. 'ई' मधली, ती तशीच. आई. पुढचा 'क', त्याच्या आतला 'ख'. काना अगदी कडेला, आणि शब्द तोडायचं घरही; ती दोन्ही कुठेच उमटली नव्हती. 'र'चा 'ल', ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ. खाली. 'झोपू' तर सगळा मधलाच शब्द, जसाच्या तसा.

"हा झोपू तं आमालेही वाचता आला," नत्थूजी म्हणाले. "तिच्या मायले वाटलं, पोरीले एकटीले झोप येत नाई. तं ती तिच्या खाटेपाशीच खाली अंथरूण टाकते. मी रातच्याले वावरात जागलीले असतो."

माझा हात थांबला. मग भराभर चालला. नको. कापसात. शेवटचा शब्द लिहायची गरजच नव्हती, तरी लिहिला.

आई खाली झोपू नको कापसात साप.

"काकाजी, कापूस कुठं ठेवला?"

"पहिला वेचा हाय. अंकिताच्याच खोलीत, कोपऱ्यात..." ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तो वाचला. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे ठेवला.

त्यांच्या फोनवरून मी आनंदाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. नत्थूजी दोन्ही हातांनी माझा काउंटर धरून उभे होते आणि काउंटरवरचा स्क्रूंचा डबा खुळखुळत होता. तिसऱ्यांदा आनंदाबाईंनी उचलला.

"काय जी?"

"कुठं हायेस तू?" नत्थूजींनी विचारलं.

"कुठं राहीन? पोरीचे पाय चेपून जराशी टेकली कापसावर. काऊन?"

नत्थूजींनी फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन घेतला. "मावशी, दिपाली बोलते. हळूच उठा. हात कापसात नका घालू. त्यात साप हाय."

पलीकडे कापूस दबल्याचा, लुगडं सरकल्याचा बारीक आवाज आला. किती वेळ गेला सांगता येत नाही.

"उठली," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"आता बाहेर या."

"पोरीले सोडून कशी येऊ?"

फोन तसाच चालू राहिला. लोखंडी खाटेचे पाय फरशीवर करकरत ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. आनंदाबाई धापा टाकत शेजारच्या रूपरावांना हाका मारत होत्या. मग खूप माणसांचा गलका झाला आणि फोन कटला.

दुकानाचं शटर अर्धंच ओढून मी स्कूटी काढली. मागे नत्थूजी, मांडीवर लॅपटॉप. जाम गाव ओलांडलं, समुद्रपूर गेलं. मला वाटत होतं, पोचायच्या आधी फोन वाजू नये.

पोचलो तेव्हा अंगणात निंबाखाली खाट होती आणि खाटेवर अंकिता. आनंदाबाई तिच्या उशाशी उभ्या. समुद्रपूरहून आलेला साप पकडणारा पोरगा बाहेर येत होता, हातात बरणी. मण्यार होती. काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे.

"कापसात नव्हती," तो म्हणाला. "कापसाले लागून गोधडीची वळकटी होती ना, तिच्यात होती."

रात्री आनंदाबाई अंथरतात ती गोधडी. मण्यार चावली तर पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. अंकिताने ती कापसात शिरताना पाहिलेली असणार, आणि तीन रात्री हे तिला ठाऊक होतं. आई खाली घोरत असायची आणि ती वरून बघत असायची.

मी लॅपटॉप खाटेच्या कडेवर ठेवला. आकडे बदलायचे होते. रुंदी, उंची, पुढे एका जागी तेच माप मिलिमीटरमध्ये. शेवटचा आकडा असा जुळवायचा की सगळ्यांची बेरीज दोनशे छप्पन्नने पूर्ण भागली जावी. चुकलं तर पडदा कदाचित पुन्हा उजळणारच नाही. हे काम मी चहा पिता पिता करते. त्या दिवशी बेरीज चार वेळा केली. अंकिता माझ्या बोटांकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"पडदा मी न तपासता लावलता," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं. "सुपारीवरून मावशीले एवढी बोलली. चूक माझी हाय."

मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा राहिला, काळाच राहिला, आणि मग उजळला.

मॅडम धरायच्या तसा आनंदाबाईंनी लॅपटॉप अंकिताच्या तोंडासमोर धरला. आम्ही सगळे मागे उभे राहिलो. मला वाटलं, ती सापाचं विचारेल, आईचं विचारेल. नजर आधी उजव्या कोपऱ्यात गेली. पुसायचं घर चाललं. अकरा ओळी एकेक करून गेल्या, पडदा कोरा झाला. मग अक्षरं येऊ लागली, सावकाश, कडेची कडेला, मधली मधे.

बाबा मशीन नेऊ नका

नत्थूजींनी ते वाचलं. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी खाली ओढला, दोन्ही हातांनी तोंडावर धरला, आणि भर अंगणात, गावासमोर, मोठ्याने रडू लागले.